रोहिणी लागायच्या आत: कौल, पत्रा आणि गच्ची

आमच्या घराला तीन छपरं आहेत. मधलं जुनं घर मंगलोरी कौलांचं, मागं म्हशींचा गोठा पत्र्याचा आणि पुढं दिरांनी नंतर काढलेल्या दोन खोल्यांवर स्लॅब. कोल्हापूरजवळच्या आमच्या वडणग्यासारख्या गावात ही सरमिसळ घरोघर दिसते, पैसा येईल तसं घर वाढत गेलेलं असतं. बाकीची माणसं शेत, दूध आणि नोकरीत अडकलेली, त्यामुळं छपराचं खातं माझ्याकडं आलं. तिन्ही छपरांची कामं निराळी, पण वेळापत्रक एकच: पावसात बघून ठेवायचं आणि उन्हाळ्यात दुरुस्त करायचं. उलटं केलं की पैसे वाया. ओल्या स्लॅबवर मारलेला कोट फुगतो, ओल्या कौलावरनं माणूस घसरतो, आणि जुलैत गवंडी मिळत नाही. मिळालाच तर भाव तो सांगेल तो.

माझा हिशेब असा. अक्षय तृतीयेपर्यंत मोठी कामं उरकायची. त्यानंतर एखादा तरी वळीव येतोच, आणि वळवाचा झोडपा ही फुकटची तपासणी असते. त्यात जे गळेल ते 25 मेच्या सुमारास रोहिणी नक्षत्र लागतं, त्याच्या आत आवरायचं. मृगाची वाट बघत बसायचं नाही. कोल्हापूर शहरात वर्षाला साधारण हजार-अकराशे मिलीमीटर पाऊस पडतो, गगनबावड्याकडं त्याच्या चार-पाच पट. जितकं पश्चिमेला घर, तितकी ही मुदत अलीकडं ओढायची.

पावसात काय बघायचं

पाणी ठिबकतं तिथंच ते शिरलेलं असतं असं नाही. कौलातनं आत आलेलं पाणी वाशावरनं उतरत चार-पाच फूट खाली येऊन पडतं. स्लॅबमध्ये तर ते सळईच्या किंवा वायरिंगच्या पाइपाच्या कडेनं फिरून भलत्याच खोलीत निघतं. म्हणून गळती दिसली की नुसती बादली ठेवून गप्प बसू नका. जागेवर पेन्सिलीनं गोल करा, दोन भिंतींपासूनचं अंतर मोजा आणि वहीत लिहा. पाऊस कसा होता तेही लिहा: वारं होतं का, कुठल्या बाजूनं होतं, गळती लगेच सुरू झाली की तासाभरानं. वारं असतानाच गळत असेल तर सांध्यातनं किंवा भिंतीच्या बाजूनं पाणी आत रेटलं जातंय. संथ पावसात उशिरा सुरू होऊन पाऊस थांबल्यावरही ठिबकत राहिलं, तर वर कुठंतरी पाणी साठतंय.

एक खात्री आधी करा. पाऊस नसतानाही डाग ओला राहत असेल तर छपराला दोष देऊ नका. टाकीच्या ओव्हरफ्लोचं पाणी किंवा गिझर-सोलरची लाइन तपासा. आणि ओल जमिनीकडनं वर चढत असेल तर तिचा छपराशी संबंध नाही. 2019 आणि 2021 च्या पुरात ज्या घरांत पाणी होतं, तिथं भिंतींना खालून ओल आली, तरी काहींनी खर्च केला गच्चीवर.

कौलं

जुनी नळीची कौलं दरवर्षी शाकारावी लागत. मंगलोरी कौलाला खाचा असतात, एक कौल दुसऱ्यात बसतं, त्यामुळं दरवर्षी सगळं उतरवायची गरज नाही. मात्र दरवर्षी बघायची गरज आहेच.

सगळ्यात सोपी तपासणी भर दुपारी होते. दारं-खिडक्या लावून घ्या, दिवे बंद करा आणि माळ्यावर उभं राहून वर बघा. जिथनं उन्हाचा ठिपका दिसतो तिथं कौल सरकलंय, फुटलंय किंवा कड उडाली आहे. त्या ठिपक्याखालच्या रिपेला, म्हणजे कौलं जिच्यावर टेकतात त्या आडव्या पट्टीला, खडूनं खूण करायची. मग वर चढणाऱ्याला सगळं छप्पर तुडवत हिंडावं लागत नाही. निम्मी कौलं छपरावर शोधत फिरणाऱ्या माणसाच्या पायाखालीच फुटतात, हे आमच्या आत्तींचं म्हणणं मला शंभर टक्के पटतं.

बदलायची रीत अशी: फुटक्या कौलाच्या वरची दोन कौलं किंचित उचलून खाली लाकडाची पाचर द्यायची, फुटकं ओढून काढायचं आणि नवं खालून वर सरकवत न्यायचं, त्याचं खालच्या बाजूचं नाक रिपेत अडकेपर्यंत. अडकलं नसेल तर पुढच्या वाऱ्यात ते परत घसरणार. नवं कौल घ्यायला जाताना जुनं बरोबर घेऊन जा. 1865 साली बासेल मिशननं मंगळूरला कारखाना काढला, पुढं तसे कितीतरी निघाले आणि प्रत्येकाचा साचा थोडा निराळा राहिला. डोळ्यांना सारखी दिसणारी दोन कौलं एकमेकांत बसतीलच असं नाही. पाडलेल्या वाड्यांची जुनी कौलं मिळाली तर नव्यापेक्षा ती चांगली, फक्त बोटाच्या पेरानं वाजवून घ्यायची. खणखणीत वाजलं तर घ्या. बद्द आवाज आला तर आत चीर आहे. शंभर चौरस फुटांना साधारण दीडशे कौलं लागतात. त्याशिवाय वीस-पंचवीस जास्तीची गोठ्याच्या कोपऱ्यात शिल्लक पडलेली असावीत.

रिपा आणि वासे स्क्रूड्रायव्हरनं टोचून बघा. टोक सहज आत गेलं तर वाळवी किंवा कूज आहे, तिथं नुसतं कौल बदलून उपयोग नाही. आढ्यावरच्या कोन्यांचा, म्हणजे टोपीसारख्या कौलांचा, सिमेंटचा माल सुटला असेल तर उरलेला काढून टाकून नवा भरायचा, जुन्यावर थापायचा नाही. शेवाळ कोरड्या ब्रशनं वरून खाली झाडायचं. गाड्या धुवायच्या प्रेशर पंपानं कौलं धुणारे बघितलेत मी. पाणी उलट्या बाजूनं सांध्यात घुसतं आणि कौलाचा वरचा थर उडतो.

निळी ताडपत्री अंथरून चार महिने काढायचे, हा उपाय एका हंगामाला ठीक. कायमची ठेवली की खाली दमट धरतं आणि रिपा कुजतात.

पत्रा

पत्र्याचं दुखणं बहुतेक वेळा पत्र्यात नसतं, पत्रा खालच्या अँगलला धरून ठेवणाऱ्या हुकात असतं. नटाखाली एक चकती आणि तिच्याखाली डांबरी वॉशर असतो. उन्हानं तो वाळतो, कडक होतो, आणि नखानं दाबला तर तुकडा निघतो. तिथनं पाणी हुकाच्या दांड्यावरनं थेंब-थेंब उतरतं. दर उन्हाळ्यात पाच-दहा हुक खोलून बघा, वॉशर असे भुगा होत असतील तर सगळेच बदला. वॉशर ही छपरावरची सगळ्यात स्वस्त वस्तू आहे, तिच्यात काटकसर करू नका. कोल्हापुरात लक्ष्मीपुरीत नाहीतर उद्यमनगरात पाहिजे त्या मापाचे मिळतात. आवळताना ताकद दाखवायची नाही. वॉशर चकतीखाली नीट बसला की थांबायचं. जास्त आवळलं की तो चेपून बाहेर येतो, पत्र्याला खळगा पडतो आणि त्या खळग्यात पाणी साठतं. नाळीच्या पत्र्याला भोक नेहमी उंचवट्यावर, नाळीत कधीच नाही.

नवा पत्रा टाकत असाल तर कामगार कुठल्या टोकाकडनं सुरू करतोय ते बघा. आपल्याकडं पावसाळी वारं पश्चिमेचं. म्हणून पूर्वेकडनं सुरुवात करून पश्चिमेकडं यायचं, म्हणजे प्रत्येक पुढचा पत्रा मागच्यावर चढतो आणि सांध्याचं तोंड वाऱ्याकडं येत नाही. आडव्या सांध्याला वरचा पत्रा खालच्यावर किमान सहा इंच चढवायचा. भोकं पाडल्यावर लोखंडाचा कीस लगेच झाडून घ्या. एका पावसात तो गंजतो आणि नव्या पत्र्यावर तांबडे डाग पडतात.

गंज दिसला की तारेच्या ब्रशनं घासून, पुसून, रेड ऑक्साइड आणि वर रंगाचे दोन हात. आरपार भोकं पडली असतील तर रंगाचे पैसे घालवू नका, तो पत्राच बदला.

आता दगड आणि टायरांबद्दल. वळवाच्या वाऱ्यात पत्रा उडू नये म्हणून आपल्याकडं वर दगड, फुटके टायर, शेणीचा ढीग, काय काय ठेवतात. दगडाखाली ओल राहते आणि नेमकी तिथंच जाळी पडते. आणि खरा वारा आला तर पत्रा जातोच, शिवाय दगड शेजाऱ्याच्या अंगणात. वारा पत्र्याला कडेकडनं उचलतो. म्हणून कडेच्या आणि आढ्याच्या ओळीत हुक जवळजवळ घ्या आणि खालचा अँगल भिंतीत पक्का धरलाय का बघा. नुसत्या विटेवर टेकवलेली कैची असेल तर वर कितीही हुक मारून उपयोग नाही.

सिमेंटच्या पत्र्यावर पाय देऊ नका. तो दिसतो भक्कम आणि मोडतो अचानक. चढायचंच असेल तर खालच्या आधाराच्या ओळीवर फळी आडवी टाकून तिच्यावर. जुन्या सिमेंट पत्र्यात ॲस्बेस्टॉस असतं, त्याची धूळ फुप्फुसाला घातक. कोरडा घासायचा नाही, ग्राइंडरनं कापायचा नाही. उजेडासाठी घातलेला फायबरचा पत्रा तर पाय ठेवण्याजोगा नसतोच. आणि लोखंडी पत्र्यावर चढण्याआधी विजेची सर्व्हिस वायर कुठं घासते ते खालूनच बघा. घासत असेल तर आधी वायरमन, मग शिडी.

गच्ची

एप्रिल-मेमध्ये आमची गच्ची चटणीच्या मिरच्यांनी लाल असते. वाळवण उचललं की त्याच दिवशी गच्ची झाडून, धुऊन घ्यायची आणि पाणी कुठं थांबतं ते बघायचं. तासाभरानंतरही जिथं डबकं आहे तिथं खडूनं गोल. उतार पाइपाकडं पाहिजे, साधारण शंभराला एक.

पाइपाचं तोंड हा गच्चीचा सगळ्यात दुर्लक्षित भाग. ऊस तुटला की शिवारात पाचट पेटवतात, त्याची काजळी उडून गच्चीवर पडते. तिच्यात धूळ आणि आंब्याचा पाला मिसळला की जाळीवर काळा लगदा बसतो. हजार चौरस फुटांच्या गच्चीवर 1 मिलीमीटर पाऊस म्हणजे सुमारे 93 लिटर पाणी. रात्रीत 100 मिलीमीटर पडला तर नऊ हजार लिटरच्या वर, आणि ते सगळं त्या एका जाळीतनं जायचं असतं. मेअखेरीला जाळी साफ, पहिल्या मोठ्या पावसानंतर परत, आणि गणपतीच्या आधी एकदा. कौलाच्या पन्हाळीलाही हेच लागू.

भेगा जास्त करून तीन ठिकाणी सापडतात. एक, गच्ची आणि कठडा मिळतात तो कोपरा. गवंडी तिथं वाटा मारतात, म्हणजे सिमेंटचा गोलसर उतार. तो भिंतीपासून सुटला की पाणी थेट आत. दोन, कठड्याचा माथा. माथ्याला उतार आतल्या बाजूला हवा. तीन, सोलरचा स्टँड, डिश, केबल यांसाठी ड्रिल मारलेली भोकं. बसवणारा बसवून जातो, गळायला लागल्यावर फोन उचलत नाही. मी आता ड्रिल चालू व्हायच्या आधीच सांगते, स्टँड सिमेंटच्या ठोकळ्यावर उभा करा, माझ्या स्लॅबला हात लावू नका.

भेग भरताना वरवर सिमेंटचं पाणी ओतणं निरुपयोगी. छिन्नीनं व्ही आकाराची खाच काढायची, ब्रशनं धूळ काढायची, पॉलिमर मिसळलेला माल दाबून भरायचा आणि दोन-तीन दिवस ओला ठेवायचा. पिंपळाचं रोप उगवलं असेल तर मुळासकट काढून मगच भरा, नुसतं वरून तोडलं तर पुढच्या वर्षी ते दुप्पट जोरानं येतं. माल पूर्ण वाळल्यावर वॉटरप्रूफ कोटिंगचे दोन हात, पहिला उभा, दुसरा आडवा. कोपऱ्यात पहिल्या हातावर फायबरची जाळी चिकटवायची. वेळ दुपारी चारनंतरची. तापलेल्या स्लॅबवर मारलं तर ते वरच्यावर सुकतं आणि पापुद्रे सुटतात.

काम झाल्यावर पाइपाचं तोंड बंद करून दोन इंच पाणी दोन दिवस साठवून बघता येतं. एवढं पाणी चौरस मीटरला 50 किलो भरतं, म्हणून खालून पोपडे पडलेल्या, सळई दिसणाऱ्या स्लॅबवर हा प्रयोग नको. तिथं कोटिंगचाही उपयोग नाही, इंजिनिअरला दाखवा.

माणूस लावताना

अंगावर काम देण्यापेक्षा वहीतली यादी हातात द्या: कुठली खूण, काय करायचं, माल कोण आणणार. आमचा गवंडी पहिल्यांदा हसला होता. "वहिनी, तुम्ही तर ठेकेदार झालासा," म्हणाला. पण यादीमुळं त्याचंही काम लवकर उरकतं. मजुरीतला थोडा भाग पहिला वळीव होईपर्यंत मागं ठेवायचा, आणि हे काम ठरवतानाच बोलायचं, नंतर नाही. चांगला कारागीर याला नाही म्हणत नाही. जो म्हणतो, त्याला चहा पाजून वाटेला लावते.