‘भेटू कधीतरी’ म्हणून थांबू नका : माणसं जोडून ठेवताना होणाऱ्या चुका

‘भेटू या एकदा निवांत’ असं म्हणणाऱ्याच्या मनात खोट नसते. पण या वाक्यात वार नाही, वेळ नाही आणि फोन कोणी करायचा तेही नाही. मग दोघंही एकमेकांची वाट पाहतात आणि वर्ष सरतं. मैत्री भांडणानं तुटते त्याहून जास्त वेळा ती अशी वाट पाहण्यात विरून जाते.

यावर उपाय एकच : निरोप घेण्याआधी, किंवा फोन ठेवण्याआधी, पुढची तारीख ठरवायची आणि तिथल्या तिथे कॅलेंडरमध्ये टाकायची. ‘निवांत’ वेळेच्या मागे लागू नका, वीस मिनिटं पुरतात. तुम्ही रोज चालायला जात असाल तर एका फेरीला मित्राला सोबत घ्या. तो दूर राहत असेल तर चालता चालता फोन करा. दर महिन्याचा पहिला रविवार असा कायमचा नेम ठेवला तर दरवेळी ठरवाठरवी करावी लागत नाही. आणि भेट रद्द करायची वेळ आलीच, तर रद्द करणाऱ्यानं त्याच निरोपात दुसरी तारीख द्यावी. हे सोडून दिलं की नेम मोडतो.

या सगळ्याचा आरोग्याशी काय संबंध, असं वाटत असेल तर एक आकडा पाहा. २०१० मध्ये मानसशास्त्रज्ञ ज्युलिअन होल्ट-लन्स्टॅड आणि सहकाऱ्यांनी १४८ अभ्यास एकत्र तपासले. त्यांत तीन लाखांहून जास्त लोक होते. ज्यांचे संबंध भक्कम होते, त्यांची अभ्यासाच्या काळात जिवंत राहण्याची शक्यता सुमारे ५० टक्क्यांनी अधिक आढळली.

दुसरी चूक संकोचाची. दोन वर्षं बोलणं नाही, आता कोणत्या तोंडानं फोन करू? मग माफीचा लांबलचक मेसेज लिहिला जातो आणि तो वाचणाऱ्यालाच तुमची समजूत काढत बसावं लागतं. माफी एका ओळीत पुरे. ‘आज आपला जुना फोटो सापडला, तुझी आठवण आली. शनिवारी सकाळी अकराला दहा मिनिटं बोलू या?’ आठवणीचं कारण, वेळ आणि मर्यादा, तिन्ही त्यात आलं. अशी अचानक केलेली विचारपूस समोरच्याला आपल्या अंदाजापेक्षा जास्त आवडते, असं २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या प्रयोगांत दिसलं आहे.

स्टेटस पाहिलं, लाइक दिलं, म्हणजे संपर्क झाला असं धरू नका. तुम्हाला त्याची खबर मिळाली, त्याला तुमची काहीच नाही. मेसेजपेक्षा आवाज जास्त जवळीक देतो, आणि त्यासाठी कॅमेरा लावायची गरज नसते. बोलताना अवघडल्यासारखं होईल ही भीती बहुधा फोन लावेपर्यंतच टिकते.

सगळा भार जोडीदारावर किंवा एकाच मैत्रिणीवर टाकणं हीसुद्धा चूकच. ते माणूस आजारी पडलं किंवा गाव सोडून गेलं की एका दिवसात सगळं रिकामं होतं.

नव्या ओळखीबाबत बहुतेकांची घाई होते. तीन-चार भेटींत जमलं नाही की ‘आता या वयात मैत्री होत नाही’ असा निष्कर्ष काढतात. संवादाचे अभ्यासक जेफ्री हॉल यांच्या २०१८ च्या अभ्यासानुसार, ओळखीची साधी मैत्री व्हायला साधारण ५० तास एकत्र घालवावे लागतात आणि जिवलग व्हायला २०० हून जास्त. आठवड्याला एक तास दिला तर पहिल्या टप्प्यालाच जवळपास वर्ष जाईल. आठवड्यातून दोनदा दोन तास दिले तर तीन महिने. म्हणून एकदाच्या कार्यक्रमापेक्षा आठवड्याला ठरलेला वर्ग, खेळ किंवा वाचनगट निवडा. तिथे तीच माणसं पुन्हा भेटतात.

दरवेळी फोन तुम्हीच करताय? मग आधी एवढं तपासा : बोलावल्यावर तो आनंदानं येतो का? येत असेल तर ठरवणं त्याला जमत नाही एवढंच. पुढाकार तुमच्याकडेच ठेवा, हिशोब मांडू नका. तीन वेगवेगळ्या प्रकारे विचारूनही टाळाटाळच होत असेल तर मागे लागू नका. वर्षातून एक-दोनदा छोटा निरोप पाठवून दार उघडं ठेवा. मात्र नेहमी मोकळं बोलणारं माणूस अचानक सगळ्यांनाच टाळू लागलं आणि झोप-भूक बिघडून दोन आठवडे उलटले, तर तो रुसवा समजू नका. प्रत्यक्ष जाऊन भेटा आणि डॉक्टरांकडे सोबत यायची तयारी दाखवा.