उंदरांसाठी सापळे लावताय? या चुका टाळा

सकाळी सापळा उघडाच आणि आमिष मात्र फस्त. अभ्यासासाठी उंदीर जिवंत पकडणारा नवखा लगेच जागा बदलतो. आधी आतली पट्टी, जिच्यावर वजन पडताच दार मिटतं ती, बोटाने दाबून बघा. घडीच्या शर्मन सापळ्याची (पत्र्याच्या, जिवंत पकडणाऱ्या डब्याची) पट्टी घट्ट असेल, तर दहा-बारा ग्रॅमचा शेतातला उंदीर तिच्यावर बसून निवांत जेवतो आणि निघून जातो. पट्टी हलकी असूनही आमिष जात असेल, तर चोर बहुतेक मुंग्या.

सापळा मोकळ्यावर ठेवू नका. बांध, गडगा, पडलेलं खोड यांना लागून ठेवा. उंदीर आडोशाने फिरतो. झाडावर राहणाऱ्या जाती हव्या असतील, तर सापळा फांदीला बांधावाच लागतो.

सगळ्यात महागात पडणारी चूक म्हणजे सकाळी उशिरा निघणं. दार पडल्यापासून आतल्या जिवाची जबाबदारी तुमची. उन्हात पत्र्याचा डबा भट्टीसारखा तापतो, गारठ्यात कापूस नसेल तर प्राणी आखडतो, आणि मुंग्या लागल्या तर बघवत नाही. उजाडताच फेरी सुरू करा, दिवसा दारं बंद ठेवा. चिचुंद्रीला तर काही तासांचा उपासही झेपत नाही. तुम्हाला फक्त उंदीर हवे असले, तरी शेंगदाण्याच्या कुटासोबत थोडी सुकट टाका. आत कोण शिरेल ते तुमच्या हातात नाही. प्रत्येक सापळ्याला नंबर द्या, फांदीला रंगीत फीत बांधा. साठ लावून एकोणसाठ उचलले, तर उरलेल्यात एक जीव उपाशी मरतो.

शेपटीला धरून उचलू नका, कातडी मोज्यासारखी सुटते. प्राणी कापडी पिशवीत घ्या, मग मानेची कातडी पकडा. हातमोजे लेप्टोपासून (उंदरांच्या लघवीतून पसरणाऱ्या तापापासून) बचावासाठी. सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग भागात माकडताप पसरवणाऱ्या गोचिडींपासून वाचण्यासाठी पूर्ण बाह्या आणि पायमोज्यात खोचलेली पँटही हवी. आणि ‘उंदीरच तर आहे’ म्हणून वनविभागाची लेखी परवानगी टाळू नका, अभयारण्यात तर मुळीच नाही.

नमुना ठेवायचा असेल, तर क्रम चुकवू नका: आधी ऊतीचा तुकडा अल्कोहोलमध्ये, मग उरलेलं शरीर फॉर्मेलिनमध्ये. फॉर्मेलिन डीएनए खराब करतं. बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीची सस्तन प्राण्यांची पाहणी १९११ साली सुरू झाली, पहिला अहवाल खानदेशाचा. तेव्हाची कातडी आजही कामाची आहेत, ती पायाला बांधलेल्या चिठ्ठीवरच्या ठिकाण-तारखेमुळे. बॉलपेन अल्कोहोलमध्ये विरघळतं; पेन्सिल वापरा. मागचं पाऊल नखासह मोजलं की नखाविना, तेही तिथेच लिहा.