वासोट्याला निघताय? औषधांच्या डब्यात या चुका टाळा

वासोटा किल्ल्याला जायला बामणोलीहून लाँच सुटली, निम्मं पाणी ओलांडलं आणि मेव्हण्यानं विचारलं, "दाजी, औषधांचा डबा घेतलाय ना?"

डबा होता की! गाडीच्या डिकीत, सगळ्या पिशव्यांच्या तळाशी. गाडी बामणोलीत आणि आम्ही शिवसागर जलाशयाच्या मधोमध. वासोट्याच्या चढावर पुतणीचा पाय मुरगळला तेव्हा हाताशी एक ओढणी होती. तीच आवळून बांधली. थोड्या वेळानं बोटं गार पडायला लागली म्हणून सोडून परत सैल बांधली. तर पहिली चूक औषधं निवडण्यातली नसते, डबा ठेवण्यातली असते. तो पाठीवरच्या सॅकच्या वरच्या कप्प्यात हवा, आणि कुठल्या कप्प्यात आहे ते सगळ्यांना माहीत हवं. तुमचाच पाय मोडला तर?

चार इंची क्रेप बँडेज त्यात असायलाच हवं. बोटांकडून वर गुंडाळत यायचं, बोटं उघडी ठेवायची. बोटं निळी किंवा बधिर झाली तर लगेच सैल करायचं.

नंतर घरी आईचा जुना डबा उघडला. जागा वाचावी म्हणून तिनं गोळ्यांची पाकिटं कात्रीनं कापली होती. एका तुकड्यावर नुसतं '६५०' उरलेलं, दुसऱ्यावर काहीच नाही, तारीख तर कुठेच नाही. पाकीट अख्खंच घ्या. ती ६५० म्हणजे बहुधा पॅरासिटॅमॉल, आणि ते सर्दीच्या बऱ्याच गोळ्यांतही असतं. दोन्ही घेतल्या की डोस नकळत दुप्पट होतो. मोठ्या माणसाला चोवीस तासांत सगळं मिळून ४ ग्रॅम ही कमाल मर्यादा, आणि यकृताचा त्रास असेल तर डॉक्टरांना विचारल्याशिवाय नाहीच.

ओआरएसची गंमत वेगळीच. मोठं पाकीट १ लिटर पाण्याचं असतं, पण आपण ते ग्लासात ओततो, "जरा स्ट्राँग होऊ दे" म्हणत. जास्त खारट पाण्यानं, विशेषतः लहान मुलांचा, त्रास वाढतो. लिटरची बाटली घ्या, अख्खं पाकीट त्यात टाका, चोवीस तासांत संपवा, उरलं तर ओतून द्या. लहान पाकिटं २०० मिलीची मिळतात, त्यावरचं माप वाचा.

गाडी लागण्याची गोळी यवतेश्वरचा घाट सुरू झाल्यावर देऊन काय उपयोग? निघण्याआधी अर्धा-एक तास द्यायची. आणि ड्रायव्हरला अजिबात नको, झोप येते.

जखमेवर थेट कापूस लावू नका, तंतू आत चिकटतात. आधी स्वच्छ पाण्यानं धुवा, मग गॉज आणि चिकटपट्टी.

पावसाळ्यात वासोटा बंद असतो, पण कास-ठोसेघरकडे फिरताना जळवा लागतातच. मीठ-तंबाखूची पुडी काढण्यापेक्षा नखानं जळवेचं तोंड बाजूला सरकवा. रक्त बराच वेळ वाहतं, घाबरायचं कारण नाही; गॉज दाबून धरा.

साप चावल्यावर उपयोगी पडेल म्हणून ब्लेड आणि दोरी ठेवणारेही भेटले. दोन्ही काढून टाका. चिरायचं नाही, चोखायचं नाही, घट्ट बांधायचं नाही. माणसाला हलू न देता उचलून न्यायचं आणि १०८ला फोन करायचा. जंगलात रेंजचा भरवसा नसतो, म्हणून जवळचं सरकारी रुग्णालय कोणतं ते निघण्याआधीच विचारून ठेवा.

मधुमेह असणारं कोणी सोबत असेल तर इन्सुलिन उन्हातल्या बंद गाडीत ठेवू नका. बर्फाला थेट टेकवूनही नको, गोठलं की ते बाद. सोबत साखर किंवा ग्लुकोज मात्र खिशातच हवं.

आमचा डबा आता एका जुन्या कंपासपेटीएवढा झालाय. गेल्या खेपेला मेव्हणा लाँचमध्ये परत म्हणाला, "दाजी, डबा?" मी सॅक थोपटून दाखवली. त्यात क्रेप बँडेज नव्हतंच. धाकट्यानं क्रिकेटच्या बॅटला गुंडाळलं होतं.