झॅबिक्समध्ये युजर परमिशन आणि अलर्ट कसे सेट करायचे

झॅबिक्स (सर्व्हर आणि नेटवर्कवर लक्ष ठेवणारं सॉफ्टवेअर) टाकलं, होस्ट (म्हणजे लक्ष ठेवायच्या मशीन) अ‍ॅड केले, ग्राफ दिसायला लागले की बऱ्याच ठिकाणी काम तिथंच थांबतं आणि मग सगळी टीम एकाच अ‍ॅडमिन लॉगिनवरून आत शिरते. हे आधी बंद करा. तो सुरुवातीचा लॉगिन अ‍ॅडमिन आणि पासवर्ड झॅबिक्स असतो हे सगळ्या जगाला माहितीये, त्यामुळे पहिला तो पासवर्ड बदला आणि मगच पुढं वाचा. मेनूची नावं मी ७.० व्हर्जनमधली देतोय, ६.० वर असाल तर युजर आणि मीडियाचं सगळं अ‍ॅडमिनिस्ट्रेशनखाली आणि अ‍ॅक्शन्स कॉन्फिगरेशनखाली सापडतील.

१. आधी होस्ट ग्रुप नीट करा
झॅबिक्समध्ये परमिशन थेट एका माणसाला देता येत नाही, एका होस्टवरही देता येत नाही. ती युजर ग्रुपला मिळते आणि होस्ट ग्रुपवर मिळते. म्हणून कुठल्या मशीनकडे कोण बघतं त्या हिशोबानं ग्रुप पाडा. समजा एखादी पतसंस्था आहे, तर सातारा शाखा, कराड शाखा आणि मुख्य सर्व्हर असे तीन वेगळे ग्रुप. एक होस्ट दोन ग्रुपमध्ये असला तरी चालतं.

२. युजर ग्रुप आणि रोल
युजर्समध्ये युजर ग्रुप्स उघडा, नवीन ग्रुप बनवा, होस्ट परमिशन्स टॅबवर जाऊन होस्ट ग्रुप निवडा आणि रीड, रीड-राइट किंवा डिनाय द्या. एक माणूस दोन ग्रुपमध्ये असेल तर रीडपेक्षा रीड-राइट वरचढ, पण कुठंही डिनाय लागला की तो सगळ्यांवर भारी पडतो, त्यामुळे डिनाय जपून वापरा.

रोल ही वेगळी गोष्ट आहे. युजर रोलवाला फक्त बघू शकतो, त्याला रीड-राइट दिलं तरी होस्टची सेटिंग उघडत नाहीत, त्यासाठी अ‍ॅडमिन रोल लागतो. आणि सुपर अ‍ॅडमिनला सगळंच दिसतं, ते अडवता येत नाही, म्हणून सुपर अ‍ॅडमिन एक-दोन जणच ठेवा, साहेबांनी मागितला तरी.

३. मीडिया टाइप
अलर्ट्समध्ये मीडिया टाइप्स उघडा, म्हणजे मेसेज कुठल्या मार्गानं जाणार ते. ईमेलसाठी सर्व्हर, पोर्ट ५८७ आणि स्टार्टटीएलएस (कनेक्शन एन्क्रिप्ट करायची पद्धत). जीमेल असेल तर टू-स्टेप चालू करून अ‍ॅप पासवर्ड काढा, नेहमीचा पासवर्ड चालणार नाही. टेलिग्रामसाठी बॉटफादरकडून (टेलिग्रामवर नवीन बॉट बनवून देणारा बॉट) टोकन घ्या, आणि ज्याला मेसेज हवाय त्यानं त्या बॉटला आधी स्वतः स्टार्ट करायचं, नाहीतर बॉट त्याला काही पाठवू शकत नाही. दोन्हीला टेस्ट बटण आहे, ते दाबून बघितल्याशिवाय पुढं जाऊ नका.

मग प्रत्येक युजरच्या मीडिया टॅबमध्ये पत्ता किंवा चॅट आयडी, कोणत्या वेळेत मेसेज यावेत आणि कोणत्या सिव्हिअरिटीचे (प्रॉब्लेम किती गंभीर ते) यावेत ते भरा. रात्री झोपलेल्या माणसाला वॉर्निंग पाठवून काही उपयोग नाही, रात्री हाय आणि डिझास्टर एवढंच जाऊ द्या.

४. अ‍ॅक्शन
ट्रिगर म्हणजे प्रॉब्लेम ओळखायची अट, आणि ती लागली की काय करायचं ते अ‍ॅक्शन. ट्रिगर अ‍ॅक्शन्समध्ये नवीन अ‍ॅक्शन बनवा, कंडिशनमध्ये होस्ट ग्रुप आणि सिव्हिअरिटी टाका. ऑपरेशन्समध्ये पहिल्या स्टेपला शाखा बघणारा इंजिनिअर, तिसऱ्या स्टेपला त्याचा वरिष्ठ, आणि वरिष्ठाच्या स्टेपला कंडिशन लावा की प्रॉब्लेम कोणी अ‍ॅक्नॉलेज केला (म्हणजे बघितला अशी नोंद केली) नसेल तरच. स्टेपचा डिफॉल्ट वेळ एक तास असतो, म्हणजे तिसरी स्टेप दोन तासांनी लागणार, शाखेची लाइन बंद असताना हे फारच उशिरा झालं, तो १० मिनिटं करा. रिकव्हरी ऑपरेशनही टाका, नाहीतर लाइन परत आली हे कोणाला कळणारच नाही.

आता सगळ्यात जास्त लोक अडकतात ती जागा. ज्या माणसाला त्या होस्टवर निदान रीड परमिशन नाही त्याला झॅबिक्स अलर्ट पाठवतच नाही, अ‍ॅक्शनमध्ये त्याचं नाव असलं तरी. रिपोर्ट्समधल्या अ‍ॅक्शन लॉगमध्ये एरर असेल तर मीडिया तपासा, पण त्या माणसाची एन्ट्रीच नसेल तर दुसऱ्या पायरीवरच्या परमिशन बघा.

५. फालतू मेसेज कमी करा
शाखेचा राउटर बंद पडला की मागचे सगळे होस्ट एकदम ओरडतात आणि चाळीस मेसेजमध्ये खरा मेसेज हरवतो, आणि असं चार वेळा झालं की लोक ग्रुप म्यूट करून टाकतात, मग सगळी मेहनत वाया. त्या होस्टच्या ट्रिगरला राउटरच्या ट्रिगरची डिपेंडन्सी द्या, म्हणजे राउटरच बंद असेल तर त्यांचे मेसेज येणार नाहीत. ठरवून काम काढलं असेल तर मेंटेनन्स लावा.

शेवटी एका टेस्ट होस्टची नेटवर्क केबल काढून बघा. नुसता एजंट (होस्टवर चालणारा झॅबिक्सचा छोटा प्रोग्रॅम) बंद करून टेस्ट करत असाल तर लक्षात ठेवा, लिनक्सच्या तयार टेम्प्लेटमध्ये (ट्रिगर वगैरेंचा आयता संच) एजंट बंदचा ट्रिगर अ‍ॅव्हरेज असतो, त्यामुळे अ‍ॅक्शनला हायची अट असेल तर मेसेज येणार नाही. पिंग बंदचा ट्रिगर मात्र हाय असतो, पण त्यासाठी होस्टला पिंगचं टेम्प्लेट जोडलेलं पाहिजे. मेसेज आला की केबल परत लावा आणि रिकव्हरीचा मेसेज येईपर्यंत थांबा.