/प्रॉक आणि /सिसमधल्या आकड्यांवर विसंबू नका: या चुका टाळा

लिनक्समधली /प्रॉक ही चालू प्रोसेस (प्रोग्रॅम) आणि सिस्टिमची माहिती दाखवणारी डिरेक्टरी डिस्कवर कुठेच नसते. तिथे दिसणारा आकार, वेळ, लिंकची संख्या हे सगळं विचारलं की कर्नल (लिनक्सचा गाभा) तिथल्या तिथे सांगतो. हे आकडे साध्या फाइलींसारखे वाचले की घोळ सुरू होतात.

सगळ्यात जास्त फसवतो तो आकार. /प्रॉक/सीपीयूइन्फोचा आकार स्टॅट (फाइलची माहिती सांगणारी कमांड) 0 बाइट दाखवतो, पण कॅट कमांडने उघडा, मजकूर पडद्यात मावत नाही. वाचायला मागेपर्यंत तो तयारच झालेला नसतो. त्यामुळे आधी आकार विचारून तेवढेच बाइट वाचणाऱ्या कोडच्या हाती काहीच लागत नाही, आणि एररही येत नाही. फाइल संपेपर्यंत वाचत राहणं हाच उपाय. कर्नल 5.3 ते 5.18 मध्ये तर कॉपी-फाइल-रेंज हा सिस्टिम कॉल (प्रोग्रॅमने कर्नलकडे केलेली मागणी) अशा काही फाइलींचं काहीही कॉपी न करता ‘झालं’ म्हणून मोकळा व्हायचा.

/सिस ही हार्डवेअर आणि ड्रायव्हरची माहिती देणारी तशीच डिरेक्टरी, पण तिची तऱ्हा उलटी. आत दोनच बाइट असले तरी फाइल बहुधा 4096 दाखवते, म्हणजे मेमरीचं एक पान. फाइली एकत्र बांधणारा टार मग फाइल आक्रसल्याची तक्रार करतो आणि उरलेली जागा शून्यांनी भरतो.

डिस्क भरली म्हणून फाइंडने 1 जीबीपेक्षा मोठ्या फाइली शोधल्या, तर कर्नलची मेमरी फाइलसारखी दाखवणारी /प्रॉक/केकोर समोर येते. 64-बिट इंटेल-एएमडी मशीनवर तिचा आकार जवळपास 128 टीबी! ती जागा डिस्कवरची नाही, मेमरीच्या पत्त्यांच्या पल्ल्याची आहे. पुसायच्या भानगडीत पडू नका. व्यापलेली जागा सांगणारा डीयू तिला 0 मोजतो, कारण तो डिस्कवरचे ब्लॉक मोजतो. फाइंडला ‘-एक्सडेव्ह’ द्या, म्हणजे तो दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये शिरत नाही.

प्रोसेस कधी सुरू झाली हे /प्रॉकमधल्या तिच्या डिरेक्टरीच्या तारखेवरून ठरवू नका. ती बहुधा कर्नलने आयनोड (फाइलच्या माहितीची नोंद) बनवला तेव्हाची असते, आणि कॅशेतून आयनोड गेला की बदलते. प्रोसेसची यादी देणाऱ्या पीएसला ‘-ओ एलस्टार्ट’ विचारा. स्क्रिप्टमध्ये त्या प्रोसेसच्या डिरेक्टरीतल्या ‘स्टॅट’ नावाच्या फाइलमधलं 22वं फील्ड घ्या. ते बूटपासूनच्या टिकमध्ये (घड्याळाच्या ठोक्यांत) असतं, सेकंदाला बहुधा 100. मात्र दुसऱ्या फील्डमधल्या, कंसातल्या नावात स्पेस असू शकते, म्हणून शेवटच्या बंद कंसानंतर मोजा: तिथून ते 20वं येतं.

उघड्या फाइलींची संख्या हवी असेल, तर कर्नल 6.2पासून प्रोसेसच्या एफडी डिरेक्टरीचा आकारच ती सांगतो. त्याआधीच्या कर्नलवर आकार 0 येतो, तिथे नोंदी मोजाव्या लागतात. लिंकच्या संख्येतून 2 वजा करून उपडिरेक्टरी मोजण्याची जुनी युक्ती तर सोडूनच द्या. बीटीआरएफएस या फाइलसिस्टिमवर डिरेक्टरीची लिंक कायम 1 असते.

बॅकअपमधून हे सगळं वगळायला आरसिंक या कॉपी करणाऱ्या कमांडला ‘-एक्स’ द्या, म्हणजे ती दुसऱ्या फाइलसिस्टिममध्ये शिरत नाही. पण /होम वेगळ्या पार्टिशनवर असेल तर तेही वगळलं जातं, बॅकअपमध्ये नुसती रिकामी डिरेक्टरी येते. त्याचा बॅकअप वेगळा घ्या.