अखंड हरिनाम सप्ताहात कृत्रिम बुद्धिमत्ता किती आणि कशी वापरावी

सप्ताहाची बैठक भरली की पूर्वी पहिला विषय वर्गणीचा असे. आता त्याच बैठकीत पत्रिकेचा मजकूर चॅटबॉटकडून, म्हणजे प्रश्नांना लेखी उत्तरे देणाऱ्या संगणक प्रणालीकडून, लिहून घ्यावा का, विठ्ठलाची हलती चित्रफीत तयार करून पडद्यावर दाखवावी का, आणि नवख्या कीर्तनकाराने निरूपणाची टिपणे यंत्राकडून काढली तर चालेल का, असे प्रश्न निघू लागले आहेत. जळगाव, धुळे आणि नंदुरबार जिल्ह्यांतील सप्ताह समित्या, भजनी मंडळे आणि मंदिरांचे विश्वस्त यांना हे प्रश्न शांतपणे सोडवता यावेत, म्हणून एक पद्धत येथे मांडत आहे. तिच्यामागचा विचार एवढाच आहे की, जे फुकट मिळते असे वाटते त्याचा धनी आधी शोधावा, कारण यंत्राच्या उत्तरामागे कोणाचे तरी पाणी असते आणि त्या उत्तरातील शब्दही कोणाच्या तरी वाणीतून आलेले असतात.

पाळी आधी ठरवावी

पांझरा नदीकाठच्या सामूहिक सिंचनाच्या फड पद्धतीत पाटाला पाणी सुटल्यानंतर वाटणीची चर्चा होत नाही, ती आधीच ठरलेली असते. फड हा शब्द वारकऱ्यांनाही तितकाच जवळचा आहे, आणि तेथेही कोण केव्हा उभे राहणार याची शिस्त असते. समितीने पहिल्याच बैठकीत तशीच वाटणी करून घ्यावी. पत्रिकेचे शुद्धलेखन, स्वयंसेवकांच्या पाळ्या, पंगतीच्या शिध्याचा हिशेब आणि परवानगीचे अर्ज ही कारकुनी कामे यंत्राकडून करून घेण्यास हरकत नसावी. चित्र, चित्रफीत आणि आवाज तयार करण्याचे काम समितीच्या स्पष्ट संमतीशिवाय कोणीही परस्पर करू नये. व्यासपीठावरून उच्चारले जाणारे शब्द, म्हणजे प्रमाणे (आधारासाठी दिलेली संतवचने), निरूपण आणि प्रश्नोत्तरे, मात्र यंत्राच्या हाती मुळीच देऊ नयेत. भाविकांची नावे, दूरध्वनी क्रमांक आणि बोललेले नवस कोणत्याही चॅटबॉटमध्ये टाकू नयेत, एवढेही त्याच वेळी ठरावात लिहून ठेवावे.

विजेचा आणि पाण्याचा हिशेब

चॅटबॉटला विचारलेला प्रश्न एखाद्या डेटा सेंटरमध्ये, म्हणजे हजारो संगणक असलेल्या केंद्रात, जातो आणि तेथील संगणक तो सोडवताना प्रचंड तापतात. त्यांना थंड ठेवण्यासाठी अनेक केंद्रांत पाण्याची वाफ करून उष्णता बाहेर काढली जाते. ही वाफ हवेत जाते, म्हणून ते पाणी त्या नदीत किंवा त्या विहिरीत परत येत नाही. पाण्याचा दुसरा खर्च वीज तयार होताना होतो आणि तो आपल्याला डोळ्यांसमोर दिसतो, कारण भुसावळजवळच्या दीपनगर औष्णिक केंद्राला लागणारे पाणी तापीवरील हतनूर धरणातून जाते. दीपनगरची वीज राज्याच्या जाळ्यात मिसळते आणि त्याच राज्यात नवी मुंबईसारख्या ठिकाणी डेटा सेंटरे उभी राहत आहेत, तेव्हा हा विषय परदेशाचा आहे असे म्हणून आपल्याला बाजूला होता येणार नाही.

आंतरराष्ट्रीय ऊर्जा संस्थेच्या 2025 च्या अहवालानुसार जगातील डेटा सेंटरांनी 2024 मध्ये सुमारे 41,500 कोटी युनिट वीज वापरली. हा वाटा जगातील एकूण विजेच्या जवळपास दीड टक्का होता आणि 2030 पर्यंत हा वापर सुमारे 94,500 कोटी युनिटांवर जाईल असा त्या संस्थेचा अंदाज आहे. या वाढीचे मोठे कारण कृत्रिम बुद्धिमत्ता हेच आहे.

एका प्रश्नाचा खर्च मात्र लहान असतो, आणि तो लहान आहे हे प्रामाणिकपणे मान्य करावे. गुगलने ऑगस्ट 2025 मध्ये जेमिनी या आपल्या चॅटबॉटच्या एका सर्वसाधारण लेखी प्रश्नासाठी 0.24 वॅट-तास वीज, 0.26 मिलिलिटर पाणी आणि 0.03 ग्रॅम कार्बन डायऑक्साइडइतके उत्सर्जन असे आकडे दिले. याउलट कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या रिव्हरसाइड येथील संशोधकांनी 2023 मध्ये, जुन्या मॉडेलसाठी (चॅटबॉटमागच्या मूळ प्रणालीला मॉडेल म्हणतात), दहा ते पन्नास उत्तरांमागे अर्धा लिटर पाणी असा अंदाज मांडला होता. दोन्ही आकड्यांत एवढे अंतर पडण्याचे एक कारण मॉडेलच्या पिढीत आहे, तर दुसरे कारण मोजणीच्या सीमेत आहे: गुगलने फक्त केंद्रातील पाणी मोजले, तर संशोधकांनी वीजनिर्मितीचे पाणीही धरले. शिवाय मॉडेल घडवताना, म्हणजे त्याला शिकवताना, होणारा खर्च गुगलच्या आकड्यात नाही. त्यामुळे समितीपुढे कोणी एखादा आकडा ठेवला, तर त्यात काय धरले आहे आणि काय सोडले आहे, हे आधी विचारावे.

हे आकडे ओळखीच्या मापात आणले की निर्णय सोपा होतो. गुगलचा आकडा धरला तर एका युनिट विजेत, म्हणजे हजार वॅट-तासांत, चार हजारांहून अधिक लेखी प्रश्न बसतात. दुसरीकडे, एम.आय.टी. टेक्नॉलॉजी रिव्ह्यूने मे 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या मोजणीत एका खुल्या मॉडेलला अवघ्या पाच सेकंदांची चित्रफीत तयार करण्यासाठी सुमारे 34 लाख ज्यूल, म्हणजे जवळजवळ एक युनिट वीज लागली. पाच अश्वशक्तीची शेतपंपाची मोटर तेवढ्या विजेवर पंधरा-सोळा मिनिटे चालते. केळीच्या बागेसाठी रात्री-अपरात्री वीज येण्याची वाट पाहणाऱ्या रावेर-यावलच्या शेतकऱ्याला या पंधरा मिनिटांचा अर्थ वेगळा समजावून सांगावा लागणार नाही. पसंत पडेपर्यंत अशी चित्रफीत वीस वेळा बनवली जाते, हेही हिशेबात धरावे.

म्हणून नियम असा करावा की लेखी प्रश्नांची भीती बाळगू नये, पण चित्रफीत टाळावी आणि चित्र खरोखर हवे असेल तर गावातील एखाद्या मुलाने किंवा मुलीने काढलेले विठ्ठलाचे चित्र पत्रिकेवर छापावे. याच बैठकीत मंडपाच्या जनरेटरचाही हिशेब घ्यावा. एक लिटर डिझेल जळल्यावर सुमारे 2.7 किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, म्हणजे गुगलच्या आकड्याप्रमाणे जवळजवळ नव्वद हजार लेखी प्रश्नांइतका. यंत्राला दोष देऊन सात दिवस जनरेटर धडधडत ठेवणे मला योग्य वाटत नाही.

प्रमाणाची खात्री कशी करावी

पर्यावरणाचा हिशेब आकड्यांनी सुटतो, वाणीचा सुटत नाही, म्हणून या भागाला अधिक वेळ द्यावा. आमच्या ओळखीच्या एका समितीने पत्रिकेवर एक सुंदर अभंग छापला. शेवटी 'तुका म्हणे' होते, शब्द गोड होते, आणि पत्रिका घरोघरी वाटून झाल्यावर एका वृद्ध टाळकऱ्याने तो कोणत्या गाथेत आहे असे विचारले. तो कोणत्याच गाथेत नव्हता. चॅटबॉट हा पाठ केलेले म्हणून दाखवणारा विद्यार्थी नव्हे. तो पुढे कोणता शब्द येण्याची शक्यता जास्त आहे हे ताडून वाक्य जुळवतो, त्यामुळे अभंग आठवला नाही तर तो थांबत नाही, अभंगासारखे काहीतरी रचून देतो.

ही अडचण आपल्या परंपरेला नवी नाही. एकनाथ महाराजांनी शके 1506 मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली ती पाठभेद आणि भर शिरल्यामुळेच, आणि शेवटी त्यांनी बजावले की या ग्रंथात जो आपली ओवी घालील त्याने अमृताच्या ताटात नरोटी, म्हणजे नारळाची करवंटी, ठेवली असे समजावे. नरोटी वाईट हेतूने ठेवली की अजाणता, याने ताटात फरक पडत नाही.

यंत्राने दिलेले प्रत्येक वचन छापील प्रतीत प्रत्यक्ष पाहिल्याशिवाय वापरू नये. अभंग असेल तर गाथेच्या शेवटी असलेल्या अकारविल्हे चरणसूचीत पहिला चरण शोधावा. निरनिराळ्या प्रतींत अभंगांचे क्रमांक वेगळे असतात, म्हणून क्रमांकावर विसंबू नये. ओवी असेल तर अध्याय आणि ओवीक्रमांक लिहून घेऊन पोथी उघडावी. नाममुद्रा पाहावी, कारण 'एका जनार्दनी', 'नामा म्हणे', 'बाप रखुमादेवीवरू' या मुद्रांची अदलाबदल झाली की अभंगाचा धनीच बदलतो. अक्षरे मोजावीत, मोठ्या अभंगात पहिल्या तीन चरणखंडांत सहा-सहा आणि चौथ्यात चार अक्षरे येतात, आणि यंत्राची रचना येथे पुष्कळदा अडखळते. तरीही अक्षरे जुळली म्हणून अभंग खरा ठरत नाही, शेवटचा निकाल छापील प्रतीचाच मानावा.

खान्देशात एक जास्तीची काळजी घ्यावी लागते. तुकाराम महाराजांच्या शिष्या संत बहिणाबाई वेगळ्या आणि असोद्याच्या बहिणाबाई चौधरी वेगळ्या, पण नावाच्या साम्यामुळे यंत्र एकीची रचना दुसरीच्या नावावर सहज टाकते. बहिणाबाई चौधरींच्या लेवा गणबोलीतील शब्दांना प्रमाण मराठीचे रूप देऊन ते ओळीच बदलते, हेही पडताळून पाहावे.

निरूपणाचा प्रश्न याहून खोल आहे. 2023 मध्ये भगवद्गीतेच्या नावाने चालणाऱ्या काही चॅटबॉटांनी धर्मरक्षणासाठी हिंसा क्षम्य असल्यासारखी उत्तरे दिल्याचे वृत्त आले होते. श्लोक तेथे होते, पण तो श्लोक कोणाला, कोणत्या प्रसंगी आणि कोणत्या अधिकाराने सांगायचा हे जाणणारा कोणी नव्हता. तापी-पूर्णेच्या संगमावरील चांगदेवाचे मंदिर आणि मुक्ताईनगरजवळील कोथळीचे मुक्ताईचे मंदिर ही दोन्ही आपल्याच परिसरात आहेत. चौदाशे वर्षांच्या योगसामर्थ्याची कीर्ती असलेल्या चांगदेवांनी त्या लहान मुलीला गुरू केले, ही कथा येथे प्रत्येकाला ठाऊक आहे. माहितीचा साठा कितीही मोठा असला तरी त्याने अधिकार येत नाही, हे नव्या कीर्तनकाराला समजावण्यासाठी मला या कथेइतके जवळचे दुसरे काही सापडत नाही. इतर धर्मांतही हाच विचार चालू आहे. व्हॅटिकनने जानेवारी 2025 मध्ये प्रसिद्ध केलेल्या टिपणात यंत्राला देवाच्या जागी बसवण्याचा धोका आणि वीज-पाण्याचा वापर हे दोन्ही मुद्दे एकत्र मांडले आहेत.

आवाज आणि अहिराणी गाणी

दिवंगत कीर्तनकार महाराजांचा आवाज यंत्राने तयार करून त्यांच्या तोंडी नवे शब्द घालू नयेत. जुने ध्वनिमुद्रण असेल तर तेच, कुटुंबाची परवानगी घेऊन, ऐकवावे.

खान्देशातील कानबाई देवीची गाणी यंत्राकडून लिहून घेण्याचा मोह मात्र सर्वांत आधी सोडावा. अहिराणीत लिहिलेले फार थोडे आहे, त्यामुळे यंत्र अहिराणीच्या नावाखाली मराठीच मोडून-तोडून देते. श्रावणात नागपंचमीनंतरच्या रविवारी कानबाई बसली की रात्रभर गाणाऱ्या बायका अजून गावात आहेत. त्यांची संमती घेऊन भ्रमणध्वनीवर ते गाणे मुद्रित करावे, कोणी गायले आणि कोणाकडून शिकले ते सोबत लिहावे, आणि ती प्रत मंदिरात ठेवावी. तिला इंटरनेटवर टाकायचे की नाही हे त्या बायकांनीच ठरवावे.

एक वही ठेवावी

समितीच्या जमाखर्चाच्या वहीत शेवटची चार पाने यासाठी राखून ठेवावीत. यंत्राकडून कोणते काम घेतले, चित्र किंवा चित्रफीत किती वेळा बनवली, जनरेटरला किती लिटर डिझेल लागले, आणि प्रत्येक प्रमाण कोणत्या प्रतीतून कोणी तपासले, एवढे तारखेसह लिहावे. पत्रिका छापायला जाण्यापूर्वी तपासणाऱ्याची सही त्या पानावर घ्यावी. काल्याच्या कीर्तनानंतर हिशेब वाचला जातो, तेव्हा ही पानेही वाचून दाखवावीत आणि पुढच्या वर्षीच्या समितीकडे वही सोपवावी.