म्हाताऱ्या सशाला जोडीदार आणताना

जोडीदार गेला की म्हातारा ससा एकटा पडतो. अशा वेळी पिल्लू आणू नका, त्याची धडपड याला सोसत नाही. शांत, पोक्त ससा शोधा. नर-मादी जोडी, दोघांची नसबंदी झालेली.

१. पिंजरे शेजारी ठेवा, मधे वीतभर अंतर. रोज खालचं गवत अदलाबदल करा.
२. 10-15 दिवसांनी दोघांनाही अनोळखी खोलीत 10 मिनिटं सोडा. थोडं अंगावर चढणं चालतं. एकमेकांभोवती गरगर फिरू लागले की मात्र हात न घालता जाड सोलापुरी टॉवेल मधे टाका.
३. चिकटून बसू लागले की मगच एकत्र.

आपल्याकडे एप्रिल-मेमध्ये पारा 40 च्या वर जातो, तेव्हा हे टाळा, दिवाळीनंतर बरं. म्हाताऱ्याने 10-12 तास तोंडाला काही लावलं नाही, तर लगेच डॉक्टर गाठा.